डबीतली गाठ

सकाळी सहा

टिश्यू प्रोसेसर रात्रभर चालतो. आदल्या संध्याकाळी गाठींचे तुकडे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये भरून आम्ही त्यात लावतो आणि ते यंत्र त्यांना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात फिरवत राहतं. आधी फॉर्मॅलिन, मग चढत्या क्रमाने अल्कोहोल, मग झायलीन, शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळलेलं मेण. तुकड्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरायचं, काम एवढंच. पण त्याला अख्खी रात्र जाते. मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली आणि मेण थिजलं, तर तुकडा अर्धाकच्चा राहतो आणि सुरीखाली त्याचा भुगा होतो. शिरूरमध्ये अशी लॅब चालवणाऱ्याला महावितरणचा स्वभाव पाठ असावा लागतो.

सात वाजता टेक्निशियन येतो. तो निमोण्याचा. ऊस उभा असतो त्या दिवसांत उजाडल्याशिवाय मोटरसायकल काढत नाही, बिबट्यामुळे. आल्या आल्या तो मेणाच्या वड्या बर्फावर गार करतो आणि मायक्रोटोमवर काप काढायला बसतो. एक काप साधारण चार मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे. कापांची फीत कोमट पाण्यावर तरंगते आणि तो काच खाली सरकवून ती अलगद उचलतो. त्याच्या हाताशी काचांचे दोन डबे असतात. एक साध्या काचांचा, रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगासाठी. दुसरा महाग काचांचा. त्यांवर पापुद्रा असा धरून राहतो, की पुढे मार्करच्या, म्हणजे गाठीच्या ओळखखुणांच्या, तपासणीत गरम द्रावणात उकळला तरी सुटत नाही. कुठल्या रुग्णासाठी दुसरा डबा उघडायचा, ते मी आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून ठेवते.

साडेआठ

आता दीड तास कॅन्सरचा विषय नाही. उपाशीपोटीची साखर, थायरॉईड, रांजणगावच्या कंपन्यांत नव्याने लागलेल्या पोरांचं मेडिकल. माझं घर या कामावर चालतं, गाठींवर नाही.

आज एक गृहस्थ मोबाईलवरची जाहिरात घेऊन आले. एका रक्तात सगळ्या कॅन्सरची तपासणी, अमुक टक्के सूट.

“मॅडम, हे तुमच्याकडं होतं का?”

“होतं. पण करू नका, दादा.”

गिऱ्हाईक परत पाठवल्याबद्दल काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. पण या पॅकेजमधले मार्कर धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला बहुतेक कुचकामी असतात. सीईए सिगारेट ओढणाऱ्याचंही वाढतं. पीएसए नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनेही चढतं. सीए-१२५ वर तर आपल्या भागात फारच जपून बोलावं लागतं. पोटात पाणी झालेली न्हावऱ्याकडची एक बाई, आकडा शेकड्यांत. घरात रडारड, ओव्हरीचा कॅन्सर म्हणून पैशांची जुळवाजुळव. पाणी आणि आतल्या पडद्याचा तुकडा तपासला तर टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांवर बाई बरी झाली. ज्याला कॅन्सर आहे हे ठरलंय, त्याच्यावर औषध लागू पडतंय का, रोग परत आलाय का, हे बघायला हेच आकडे कामाचे. शोधायला नाहीत.

शोधायला उपयोगी पडलेला मार्कर बघायचा तर लांब जायला नको. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटात गर्भाशयाच्या मुखावरच्या एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची आयुष्यात एकदाच तपासणी. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ साली छापून आले आणि जगभर वाचले गेले. आमच्या तालुक्यात अजून पॅकेजचीच पत्रकं वाटली जातात.

दहा

दार ओढून घेऊन मायक्रोस्कोपवर बसते. पहिली काच तोंडातल्या जखमेची. मिसरी लावणाऱ्या बाईचा गाल. इथे रोज दिसणारा रोग आणि मार्करच्या बाबतीत सगळ्यात दरिद्री. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसारखी, एक बदल सापडला की एक गोळी, अशी जोडी तोंडाच्या कॅन्सरात रोजच्या व्यवहारात अजून नाही. टाटाच्या डॉक्टरांनी त्यावर वेगळाच रस्ता काढला. प्रतिकारशक्ती जागी करणारं निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, साध्या गोळ्यांच्या जोडीला दिलं. रोग हाताबाहेर गेलेल्या रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. तिथे रुग्ण मार्करवर निवडले नव्हते, फक्त मात्रा कमी केली होती. मी मार्करवाली असूनही हा अभ्यास मला फार आवडतो.

दुसरी काच स्तनाच्या गाठीची. सुईने काढलेले दोन-तीन दोरे, प्रत्येक शेवईएवढा बारीक. कॅन्सर आहे हे सांगायला मला दोन मिनिटं पुरतात. मी शिकत होते तेव्हा रिपोर्ट इथेच संपायचा. आता खरं काम दुसऱ्या पानावर असतं: ईआर, पीआर, हर-टू.

ईआर म्हणजे पेशीच्या केंद्रकात इस्ट्रोजेनला पकडणारं प्रथिन. ते असेल तर रोग त्या संप्रेरकावर पोसला जातो आणि टॅमॉक्सिफेनची गोळी त्याचा घास तोडते. टॅमॉक्सिफेनला अमेरिकेत १९७७ साली परवानगी मिळाली. आज ती इतकी स्वस्त आहे, की ‘टार्गेटेड’ म्हणून कुणी तिचा रुबाबही करत नाही. खरं तर त्या घराण्यातली थोरली तीच. शंभरातल्या एका पेशीचं केंद्रक जरी तपकिरी रंगलं, तरी ईआर पॉझिटिव्ह लिहायचं.

हर-टूची गोष्ट वेगळी. ते पेशीच्या कडेवर बसतं. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं, की काही गाठींत या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या असतात आणि त्या बायकांचा रोग झपाट्याने परततो. त्याच प्रथिनाला धरणारं ट्रॅस्टुझुमॅब १९९८ साली बाजारात आलं. भारतात २०१४ साली बायोकॉनने त्याची देशी आवृत्ती काढली, मग इतर आले, तेव्हा कुठे आमच्याकडच्या बायकांना ते परवडायची थोडी आशा निर्माण झाली. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत हा मार्कर जोरात असतो. पेशीभोवती गडद, अखंड तपकिरी कडं दिसलं तर तीन प्लस. फिकट पण पुरं कडं असेल तर दोन प्लस, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी फिश नावाची पुढची तपासणी. अर्धवट, जेमतेम दिसणारी रेघ एक प्लस. काहीच नाही तर शून्य.

शून्य आणि एक प्लस यांत फरक करायला पूर्वी आम्ही डोळे शिणवत नव्हतो, दोन्ही निगेटिव्हच. २०२२ नंतर तसं करता येत नाही. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टिकन हे नवं औषध, म्हणजे तीच अँटिबॉडी, पण पाठीवर केमोचा डोस बांधलेली, हर-टू अगदी थोडं असलेल्या पसरलेल्या रोगातही चालतं हे सिद्ध झालं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ज्या तीन कॅन्सर औषधांवरची सीमाशुल्काची आकारणी काढून टाकली, त्यात हे एक होतं. तरी किंमत लाखांच्या घरात. म्हणजे जेमतेम दिसणारी ती रेघ मला दिसली की नाही, यावर पुढचा मोठा खर्च आणि कदाचित काही वर्षं ठरतात.

आणि ती रेघ दिसेल की नाही, हे बऱ्याचदा माझ्या डोळ्यांवर अवलंबूनच नसतं.

साडेअकरा

ग्रॉसिंगचं टेबल. आलेल्या डब्या उघडायच्या, मापं घ्यायची, कडांना शाई लावायची, काप करून कॅसेट भरायच्या.

आज एक मुलगा जेवणाच्या पिशवीतून मोठा डबा घेऊन आला. आत आईचा काढलेला स्तन. झाकण उघडलं आणि मला वास आला तो फॉर्मॅलिनचा नाही. डोळ्यांना झोंबलं नाही, की मी समजायचं ते समजते.

“ऑपरेशन कधी झालं, बाळा?”

“काल सांजच्याला.”

“डब्यात पाणी कोणी घातलं?”

“सिस्टरनी सलाईन वतलं. म्हणल्या, सकाळी नेऊन द्या.”

दवाखाना कुठला ते इथे लिहीत नाही; असे बरेच आहेत. मी हातमोज्याने गाठ दाबली. ती मऊ पडली होती, कापल्यावर मधला भाग करडा आणि चिकट. रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून पेशी स्वतःलाच पचवायला लागते. प्रथिनं मोडतात, डीएनएचे तुकडे होतात. ते थांबवतं फक्त फॉर्मॅलिन. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून नियम घालून दिलाय आणि आपणही तोच पाळतो: गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, आणि त्यात किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहायला हवी. इथे रात्र उलटून गेली होती.

नुसतं बुडवूनही भागत नाही. फॉर्मॅलिन तासाला मिलिमीटरभर आत शिरतं. अख्खी कैरी बरणीत टाकली तर खार कोयीपर्यंत पोचत नाही, फोडी कराव्या लागतात, गाठीचंही तसंच. मधोमध चिरा द्यायच्या, द्रव गाठीच्या दसपट घ्यायचा. दुकानातून मिळतं ते ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइड. एक भाग ते, नऊ भाग पाणी आणि आम्लपणा मारायला फॉस्फेटचे क्षार. हे मिश्रण मी पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये करून ठेवते आणि मागेल त्या दवाखान्याला फुकट देते. मागणारे मोजके.

सिस्टरांवर किंवा त्या डॉक्टरांवर राग काढण्यात अर्थ नाही. ते शिकले तेव्हा आमचं काम पेशींचा आकार बघण्यापुरतं होतं, आणि आकार थोडी हेळसांड सोसतो. मार्कर सोसत नाही. रुग्ण गुगलवरून टार्गेटेड थेरपीपर्यंत पोचलेत, नातेवाईक जीन टेस्टचे दर विचारतात, आणि ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यातली बरणी जिथल्या तिथे आहे. सगळी परिषदा-भाषणं पुढच्या यंत्रांवर. या बरणीवर एक व्याख्यान ऐकल्याचं मला आठवत नाही.

आता या बाईचं काय? मी गाठीच्या अगदी कडेचे, त्यातल्या त्यात ताजे वाटणारे भाग निवडले. फॉर्मवर लाल पेनने लिहिलं: सलाईनमध्ये रात्रभर. मार्कर करताना त्याच कापातल्या निरोगी दूधनलिका बघायच्या. त्यांच्यात ईआर असतंच. त्या रंगल्या नाहीत, तर गाठीचा निगेटिव्ह हा निगेटिव्ह नाही, तपासणीच बाद. मग ऑपरेशनच्या आधी सुईने काढलेला तुकडा कुठे जपून ठेवलाय का ते शोधायचं. मुलाला म्हटलं, “आधीचा सुईचा रिपोर्ट घरी असेल, त्याच्यावरच्या लॅबचं नाव मला फोनवर सांग.” तो लगेच फोन लावायला बाहेर गेला.

साडेबारा

कुरियरचा पोरगा. मार्करची तपासणी माझ्याकडे होत नाही. त्यासाठी लागणारी यंत्रं आणि अँटिबॉडी रोज वापरात असल्या तरच भरवशाच्या राहतात, आणि शिरूरमध्ये तेवढ्या केसेस नाहीत. मेणाच्या वड्या, काचा, फॉर्म थर्माकोलच्या खोक्यात. पुण्याला पोचायला दीड तास. वाघोलीला अडकला तर देवाला ठाऊक.

एक

दौंडला निघाले. न्हावरे, घोडगंगा कारखाना, पारगावला भीमा ओलांडून केडगाव चौफुला, मग सोलापूर रस्त्याने पाटस. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे रखडायचं. चौफुल्याच्या अलीकडे गाडी थांबवून डबा खाल्ला. भाकरी, मेथी, ठेचा.

अडीच

दौंडच्या दवाखान्यात माझं काम वेगळं असतं. इथे छातीतलं पाणी तपासायला ठेवलेलं असतं. आज साठीच्या एका मावशींचं. छातीत पाणी झालं म्हणून त्यांना कुठेतरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, तीन महिने झाले, पाणी पुन्हा भरलं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी, आणि बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. पण या वेळी पाणी लालसर होतं.

“किती पाणी काढलं?” मी सिस्टरना विचारलं.

“दीड लिटर, मॅडम.”

“बाकीचं?”

“ओतून दिलं. तुमच्यासाठी ट्यूब भरून ठेवलीय.”

मी कपाळाला हात लावला. ओतून दिलेल्या त्या पाण्यात पेशी होत्या, आणि फुप्फुसाला सुई न लावता मिळालेल्या. दौंडच्या डॉक्टरांना मी आता भिंतीवर चिकटवायला कागदच लिहून दिलाय: पहिलं शंभर मिली तरी लॅबला. सुदैवाने मावशींना दम होताच, दुपारी पुन्हा पाणी काढावं लागलं आणि या वेळी सगळी बाटली माझ्या हातात आली.

पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. तळाला बसलेल्या गाळात प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिन घातलं, की मिनिटा-दोन मिनिटांत पेशींना धरून एक लिबलिबीत गोळी गोठते. ती फॉर्मॅलिनमध्ये टाकली, की पुढे तुकड्यासारखीच वागवायची. याला सेल ब्लॉक म्हणतात. थोडा गाळ काचेवर पसरून तिथेच रंगवला. दौंडचा मायक्रोस्कोप जुना आहे, पण भिंगं चांगली. पेशी गोल गोल घोसांनी एकमेकींना चिकटलेल्या, केंद्रकं मोठी, आत पोकळी. टीबी असा दिसत नाही.

मुलगा रेल्वेत आहे, ड्यूटी टाकून आला होता. “मॅडम, आईनं जन्मात विडी ओढली नाही. चुलीपुढं बसली तेवढंच.”

“विडी न ओढणाऱ्यांतच एक बदल जास्त सापडतो, दादा. तो असला तर गोळीचं औषध आहे. नसला तर सलाईनवाली केमो. आठ-दहा दिवस लागतील. तोवर कुणाच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नका.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलते. ईजीएफआर नावाच्या जनुकातला तो बदल असेल तर गेफिटिनिबसारखी रोज एक गोळी गाठ विरघळवते. पण २००९ साली पूर्व आशियातल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात बदल असलेल्यांना गोळी केमोपेक्षा सरस ठरली आणि बदल नसलेल्यांचं गोळीवर केमोपेक्षा नुकसान झालं. तीच गोळी, तोच रोग, निकाल उलटा. तपासणी न करता ‘बघू या देऊन’ म्हणणाऱ्याला मी हेच सांगते. भारतातल्या रुग्णांत, मावशींना दिसला त्या प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सुमारे चौथ्या हिश्श्यात हा बदल सापडतो. गोऱ्या लोकांत याहून कमी, चीन-जपानकडे याहून जास्त. आणि केमो सोडून फक्त गोळी, हेही शेवटचं उत्तर नव्हे. टाटातल्या वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना गोळी आणि केमो एकत्र देऊन पाहिली. रोग थोपून राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. २०२० साली ते छापून आलं.

गोळी कधी ना कधी हार खाते. गाठ नवा बदल करून घेते. तो आता रक्तातूनही शोधता येतो, कारण मेलेल्या गाठ-पेशींचा डीएनए रक्तात थोडाफार फिरत असतो. फक्त त्याची ट्यूब वेगळी असते.

तेवढ्यात इथल्या तरुण डॉक्टरांनी मणक्याच्या तुकड्याचं विचारलं. “हाड आहे, ॲसिडमध्ये टाकून मऊ करून ठेवू का?” नको! नायट्रिक ॲसिडने हाड मऊ होतं आणि डीएनएची राख होते. मऊ करायचंच तर ईडीटीए, चार दिवस जास्त लागले तरी चालतील. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहून घेणारे डॉक्टर मला फार आवडतात.

साडेचार

परतताना कुरकुंभ मोडावरून वळले, तिथल्या एका दवाखान्यातून दोन डब्या घ्यायच्या होत्या. एमआयडीसीच्या रस्त्याने टँकरांची रांग. इथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत, सिपलाचा, एम्क्युअरचा. गावाला त्यांची ओळख वासावरून आणि बोअरच्या पाण्यावरून होते, त्या तक्रारी जुन्या आहेत आणि खोट्या नाहीत.

पण सिपलाची पाटी दिसली की मला एर्लोटिनिब आठवतं. ईजीएफआरवरचीच गोळी. रोश कंपनी ती भारतात साधारण ४,८०० रुपयांना एक विकत होती. जानेवारी २००८ मध्ये सिपलाने तीच १,६०० रुपयांना आणायचं जाहीर केलं आणि रोशने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. मार्च २००८ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी सिपलाला थांबवायला नकार दिला. जीव वाचवणारं औषध स्वस्तात मिळण्यात लोकांचं हित आहे, हा त्यातला एक मुद्दा होता. खटला पुढे सात-आठ वर्षं चालला. २०१५ साली खंडपीठाने पेटंटचा भंग झाला असं म्हटलं खरं, पण पेटंट संपायला काही महिनेच उरले होते, म्हणून विक्री थांबवली नाही. मधल्या काळात, २०१२ साली, सिपलाने स्वतःच आपल्या कॅन्सरच्या गोळ्यांचे दर आणखी पाडले.

मार्कर सापडला आणि औषध परवडत नसलं, तर माझा रिपोर्ट म्हणजे घरच्यांना लावलेली टोचणी. गेफिटिनिब, एर्लोटिनिबच्या बाबतीत ते दिवस बरेच मागे पडले. पुढच्या पिढीची गोळी, ओसिमर्टिनिब, तिच्यावरचं सीमाशुल्क २०२४ साली गेलं, तरी ती महागच आहे. दौंडच्या रेल्वेवाल्या मुलाला औषधाच्या नावाआधी मी रेल्वेच्या मेडिकल कार्डाचं विचारलं ते त्यासाठी.

साडेसहा

शिरूरला परत. दोन कुटुंबं थांबलेली.

पहिल्यांना टाटाला जायचंय. काचा आणि मेणाच्या वड्या द्यायच्या. वडी उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, वितळते, हे मी प्रत्येकाला सांगते. वही पुढे करून सही घेतली.

दुसरी अडतीस वर्षांची बाई, पुण्याहून आलेला रिपोर्ट हातात: तिन्ही मार्कर निगेटिव्ह. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे याचं प्रमाण जास्त. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि आयसर मिळून याच प्रकारावर संशोधन करतात. बाईच्या आईला आणि मावशीला स्तनाचाच रोग होता. अशा वेळी गाठीत नाही, रक्तात बघायचं असतं: बीआरसीए जनुकातला बदल जन्मतःच आहे का. असेल तर ओलापॅरिबसारखी गोळी उपयोगी पडू शकते. मी एवढं सांगेपर्यंत सासूबाईंनी मधेच विचारलं,

“म्हणजे हे आमच्या नातीलाबी?”

“सुनबाईंत तो बदल असेल, तर निम्मी शक्यता असते, आजी. तपासून घेतलं तर वेळेवर काळजी घेता येते.”

“तिचं लगीन जमायचंय, मॅडम. ह्यातलं कायबी कुठं लिहू नगा.”

मुलगी अठराची, बाहेर बाकावर बसली होती. इथे माझ्याजवळ तयार उत्तर नसतं. रिपोर्ट आईच्या नावावर आणि आईच्याच हातात जातो, मुलीची तपासणी मुलगी स्वतः ठरवील, आज कुणीच काही ठरवायचं नाही, एवढं बोलले. पुण्यातल्या जेनेटिक काउन्सिलरचा नंबर आईच्या फाइलमध्ये आतल्या बाजूला लिहिला. आईने तो वाचला आणि फाइल मिटून पदराखाली घेतली.

सकाळच्या मुलाचा फोन आला. सुईचा तुकडा नगरच्या लॅबमध्ये तपासला होता. लॅबला विचारलं, वडी जपून ठेवलेली आहे. उद्या माणूस पाठवते म्हटलं.

नऊ

रिपोर्ट टाइप करताना एका सर्जनचा फोन. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन रविवारी सकाळी घ्यायचंय, तुकडा सोमवारी-मंगळवारी पाठवतो.

“डॉक्टर, मंगळवार संध्याकाळ झाली तर साठ तास होतात. बुधवारी सुट्टी आली तर माझं गणित बिघडतं. सोमवारी नाही का जमणार?”

“सोमवारी भूलतज्ज्ञ नाहीत.”

“मग रविवारीच करा. मी स्वतः येते घ्यायला. डब्यावर दोन वेळा लिहायच्या, गाठ काढली ती आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकली ती.”

“आणि डबा केवढा घेऊ?”

“डबा मी शनिवारीच पाठवते, भरून. तुम्ही फक्त गाठीला मधोमध चीर द्या.”